एक हात खांद्याला, एक कमरेखाली

पडद्यावर माझी आई होती आणि लोक हसत होते.

पळसदरीच्या एका रिसॉर्टचा हॉल. एसीने गारठलेला. काचेबाहेर धरणाचं पाणी, आत खुर्च्यांना घातलेले पांढरे झगे आणि प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची छोटी बाटली. माणसं मुंबईची, पुण्याची. कंपन्यांकडून समाजकार्यासाठी जे पैसे सुटतात ते कुणाला द्यायचे हे ठरवणारी. मी भिंतीला लागून एका टेबलाशी बसले होते. पुढ्यात लॅपटॉप. माझं काम एकच. सरांनी चुटकी वाजवली की बटण दाबायचं. पुढची स्लाइड.

सर म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. त्यांना रिमोट आवडत नसे. "बोलताना मला दोन्ही हात मोकळे लागतात," असं म्हणायचे. हॉटेलात पोऱ्याला बोलवावं तशी चुटकी. चहा आणि स्लाइड दोन्ही तिच्यावरच यायचं.

व्हिडिओचा आवाज बंद केलेला. आईचा उजवा हात खांद्याशी, मूठ वळलेली. डावा हात खाली, कमरेच्याही खाली, त्याचीही मूठ वळलेली. ती एक पाऊल टाकते, गुडघ्यात वाकते, तोंड उघडते. तेवढाच तुकडा. संपला की पुन्हा तोच. पुन्हा मूठ खांद्याशी, पुन्हा पाऊल, पुन्हा तोंड उघडं. आवाज नसला आणि तेच तेच दिसत राहिलं की कुणीही माणूस वेडगळ दिसतो. आई नाचतेय असं वाटत होतं. मागच्या रांगेत कुणी तरी फिसकन हसलं. मग पुढचेही हसले.

सरांनी खिशातून लेझर काढला. लाल ठिपका आईच्या उघड्या तोंडावर जाऊन थांबला, तिथून तिच्या मुठीवर.

"हातांकडे बघा," सर म्हणाले. "शब्द संपतात तिथे हात सुरू होतात. या लोकांकडे भाषाच अपुरी आहे. आता ही बाई दवाखान्यात गेली तर डॉक्टरला काय कळणार?"

हे सांगताना सरांचे स्वतःचे दोन्ही हात हवेत होते. शब्द म्हणताना बोटं पसरली, अपुरी म्हणताना चिमूट झाली, डॉक्टर म्हणताना तळवा उताणा. त्यावर कुणी हसलं नाही. त्याला देहबोली म्हणतात.

चुटकी वाजली. मी बटण दाबलं.

पुढच्या स्लाइडवर चौकटी होत्या आणि चौकटींमधून बाण. अपुरी भाषा. चुकीचा संवाद. उपचाराला उशीर. मृत्यू. शेवटची चौकट लाल. त्या लाल चौकटीत माझी वहिनी होती. तिचं नाव तिथे नव्हतं, पण मला माहीत होतं ना.

शेवटी सरांनी माझ्याकडे हात केला. "आणि ही आमची मुलगी. त्या बाईंचीच लेक बरं का. त्याच घरातली. बघा, हिचे हात किती शांत आहेत. प्रशिक्षणाने हे होतं."

सगळ्या माना वळल्या. चेहऱ्याकडे कुणी बघितलं नाही, लोक माझे हात बघत होते. ते लॅपटॉपवर पडले होते, मेल्यासारखे. मग टाळ्या झाल्या.

मी मान लववून नमस्कार केला. त्या नमस्काराची आजही लाज वाटते.

हे हात प्रशिक्षणाने शांत झालेले नव्हते. ते कसे शांत झाले ते सांगते.

आमची वाडी ठाकरांची. कशेळ्याहून जीपने सुटायचं, डांबर संपतं तिथे उतरायचं आणि मग चढ. पायवाट एका जागी इतकी उभी आहे की कोरड्यातही हात टेकून चढावं लागतं. आमच्यात कुठलीही गोष्ट बसून सांगत नाहीत. शेळी कुठे हुकली, वाघरानं कुठून झेप घेतली, ओढा कुठे फुगला, सगळं उभं राहून, हाताने जागा दाखवत सांगायचं. डोंगर हा हाताने सांगायचा असतो. हे कुणी शिकवत नाही. चालायला यावं तसं ते येतं.

आश्रमशाळेत बाईंनी एकदा मला सुट्टीत काय केलं ते सांग म्हणून उभं केलं. मी शेरडं घेऊन पठारावर गेले होते ते सांगायला लागले. हात आपोआप उठले. बाई म्हणाल्या, "हा वर्ग आहे. तमाशाचा फड नाही." पोरं हसली. मी पुन्हा सुरू केलं, हात पुन्हा उठले. मग बाई उठल्या, माझ्या वेणीची लाल रिबीन सोडली आणि तिनेच माझी मनगटं पाठीमागे बांधली.

"आता सांग."

मला सांगता येईना. वाट डावीकडे वळते म्हणजे कुठे वळते, हेच माझं मला सापडेना. तोंडात शब्द होते, पण ते ठेवायला जागा नव्हती. एक वेणी सुटलेली, केस तोंडावर आलेले, बाजूला करायला हात नाहीत. बाई वर्गाला म्हणाल्या, "बघा. हात काढले की यांच्याकडे काही उरत नाही."

पुढे रिबीन बऱ्याचदा सुटली आणि बऱ्याचदा बांधली गेली. मग एक दिवस बांधायची गरज उरली नाही. मी हात पाठीमागे घेऊन खड्या आवाजात पाठ म्हणायला शिकले. बाईंनी शाबासकी दिली. सुट्टीत घरी आले तर आई म्हणाली, "काय गं, हात दुखतात का तुझं?" मी म्हटलं, नाही. तिने तरी तेल चोळलं.

मग कर्जतला कॉलेज. समाजकार्याचा अभ्यास. शेवटच्या वर्षी सगळ्यांपुढे सादरीकरण करायचं होतं. मी ताठ उभी राहून सगळं बोलले, एक शब्द चुकले नाही. परीक्षक म्हणाले, "विषय चांगला आहे. पण लाकडासारखी काय उभी राहतेस? हात जरा हलव. देहबोलीला मार्क असतात." तिथे माझे मार्क गेले. आधी मुसकी बांधायची आणि मग बैल चरत नाही म्हणून बोंब मारायची. मी हसले तेव्हा. रडायला खोलीवर गेले.

तरी नोकरी लागली. संस्थेचं ऑफिस खालापुरात. काम वाड्या-वस्त्यांवरच्या बाळंतपणांचं. मला वाटलं, हे माझंच काम. वहिनी गेली त्याला तेव्हा वर्षसुद्धा उलटलं नव्हतं.

ऑफिसात एक काचेचं दार होतं. भाषणाच्या आधी सर त्याच्यापुढे उभे राहून हातांचा सराव करायचे. तळवा उताणा केला की माणूस प्रामाणिक वाटतो. बोटांची टोकं जुळवली की विचारी वाटतो. हे त्यांनी कुठल्या तरी महागड्या शिबिरात शिकून घेतलं होतं आणि आता तेच ते इतरांना शिकवत. मी स्लाइडी बनवत बसायचे आणि दारातल्या त्या हातांकडे बघायचे. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बोलताना सरांचा हात डावीकडून उजवीकडे जायचा, त्याच वेळी पडद्यावरचा बाणही डावीकडून उजवीकडे. दोन्ही एकदम सरकले की समोरची माणसं माना डोलवायची. पुरावा कुणी मागत नसे. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे त्या हाताने ठरून जायचं. जे बाणाच्या आड येईल ते स्लाइडवरून जायचं.

मी एक स्लाइड केली होती. आमच्या पायवाटेचा फोटो, तो उभा भाग. सरांनी ती बघितली आणि काढून टाकली.

"यात माणूस कुठे आहे? लोक माणसाला पैसे देतात, पायवाटेला देत नाहीत."

"सर, वहिनी त्या वाटेवर गेली."

"रस्ता सरकारचं काम. त्याच्यावर बोट ठेवलं की सरकारी पाहुणे येत नाहीत. संवाद हा विषय कसा, कुणाला लागत नाही."

आम्हाला लागतो, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी पुढची स्लाइड उघडली.

आता आई त्या तुकड्यात काय सांगत होती ते सांगते, कारण आवाज बंद असल्यामुळे ते पळसदरीत कुणाला कळलं नाही.

वहिनीला कळा सुरू झाल्या त्या दिवशी बाळ आडवं होतं. खाली न्यायला हवं होतं. जीप डांबरावर येते, वाडीत येत नाही. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. एका टोकाला माझा भाऊ, एका टोकाला शेजारचा काका, आई बाजूने चालत. उतारावर झोळी न्यायची तर पुढचा माणूस खाली असतो आणि मागचा वर. दोघांनी बांबू खांद्यावर घेतला तर झोळी कलंडते, आतली बाई घसरून पुढे येते. म्हणून पुढच्याने बांबू खांद्यावर धरायचा आणि मागच्याने हात लांब सोडून कमरेच्या खाली धरायचा. एक हात खांद्याला, एक कमरेखाली. गुडघ्यात वाकत, एक एक पाऊल. आई तेच दाखवत होती. दोन माणसं ती एकटीच झाली होती, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. त्या उभ्या भागावर काकाचा पाय सरकला. झोळी कलली. वहिनी ओरडली. आईचं तोंड उघडतं ते तिथे. ते ओरडणं वहिनीचं आहे.

त्याच्यावर लोक हसले.

व्हिडिओवाला मुंबईहून आला होता. अर्ध्या चढावर बसकण मारली, वर पोचल्यावर आईने त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. आई वहिनीबद्दल तोवर कुणापाशी बोलली नव्हती. मी म्हटलं, "मोठी माणसं बघणार आहेत. सांग." तेव्हा ती उठून उभी राहिली. बसून सांगता येत नाही म्हणून उभी राहिली. सगळं सांगून झाल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "रस्त्याचं समजंल ना गं त्यान्ला?"

समजेल म्हटलं मी.

पळसदरीच्या कार्यक्रमानंतर पैसे मंजूर झाले. रस्त्याला नाही. वाड्यांवरच्या बायकांना नीट बोलायला शिकवण्याच्या प्रकल्पाला. शिकवणार आमचीच संस्था. त्याच्या उद्घाटनाचा मोठा कार्यक्रम चौक गावात ठरला, जुन्या हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात. तालुक्याचे साहेब येणार होते. आणि सरांनी ठरवलं, आईला बोलवायचं. पहिल्या रांगेत बसवायचं, साडी-नारळ देऊन सत्कार करायचा.

आई आनंदली. लुगडं धुऊन दगडाखाली दाबून ठेवलं. वाडीभर सांगत फिरली, "माजं सांगणं पडद्यावर दावणारेत. सायेब यायचेत. आता रस्ता व्हतोय." शेजारचा काका, ज्याचा पाय सरकला होता तो, त्या दिवसापासून कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. तो आईला म्हणाला, "सायबाला सांग, पाय माजा सरकला, पर वाट माजी न्हवती." आईने हो म्हटलं.

पडद्यावर आवाज नसतो आणि लोक हसतात, हे मी तिला सांगितलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवसांत खाल्ला.

ऑफिसात नीताताई होती, कार्यक्रमांचं सगळं बघणारी. कशेळ्याकडच्या शेतकरी घरातली, माझ्याशी मायेने वागायची. तिला मी म्हटलं, सरांशी बोलते. ती म्हणाली, "कशाला हात दाखवून अवलक्षण? नोकरी जाईल. तुझ्या पगारावर घर हाय ना?" होतंच. तरी मी गेले.

"सर, चौकला आवाज लावू या का व्हिडिओचा?"

"आवाजाने लक्ष विचलित होतं. शिवाय ती भाषा कुणाला कळणार?"

"मग तो तुकडा काढू या. आई समोर बसणार आहे."

सरांनी बोटांची टोकं जुळवली. "तू हुशार आहेस. पण आपल्या माणसांबद्दल हळवी होतेस. अंतर ठेवायला शीक. आणि ती आता फक्त तुझी आई नाही. तो संस्थेचा डेटा आहे."

मी बाहेर आले. नीताताईने विचारलं, काय झालं. मी सांगितलं, काही नाही.

चौक. मंगल कार्यालय. कुणाचं तरी लग्न आदल्या दिवशी झालेलं, स्टेजवर प्लास्टिकच्या फुलांची कमान तशीच. कमानीच्या मधोमध पडदा लावला होता, त्यामुळे वरून "शुभविवाह" आणि खालून आमचं सादरीकरण. बाहेर हायवेवरून ट्रक जायचा की काचा थरथरायच्या. पहिल्या रांगेत लग्नातल्या लाल खुर्च्या. एका खुर्चीवर साहेब. त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून आई. पाय जमिनीला नीट पोचत नव्हते. धुतलेलं लुगडं, डोक्याला तेल. माझ्याकडे वळून वळून बघत होती. शेजारच्या अनोळखी बाईला हाताने दाखवत होती की ती मशीनवर बसलीय ना, ती माझी लेक.

सर बोलायला लागले. हात उठले. चुटकी, स्लाइड. चुटकी, स्लाइड. माझं बोट बटणावर आणि पुढची कुठली येणार ते मला माहीत होतं. वाटलं वीज जाईल. आमच्याकडे एरवी केव्हाही जाते. त्या दिवशी गेली नाही.

चुटकी.

आई पडद्यावर आली. भिंतीएवढी. खाली बसलेली आई आधी हसली. शेजारणीला कोपर मारलं. मग वाट बघायला लागली. मला दिसत होतं, ती आवाजाची वाट बघत होती. आवाज येईना. वरची आई मूठ खांद्याशी नेत होती, पाऊल टाकत होती, तोंड उघडत होती. पुन्हा मूठ, पुन्हा पाऊल. मागे कुणी तरी हसलं. मग आणखी कुणी. लाल ठिपका तिच्या उघड्या तोंडावर येऊन बसला.

"हातांकडे बघा," सर म्हणाले.

आईने मागे वळून हसणाऱ्यांकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे बघितलं. आणि मग तिने हात पदराखाली घेतले. दोन्ही. पदर ओढून वर घट्ट धरला. तिचे हात स्थिर झालेले मी जन्मात बघितले नव्हते. झोपेतसुद्धा तिची बोटं हलतात.

मला माझी रिबीन आठवली. मनगटावर काच बसला होता तिथे खरोखर दुखलं.

चुटकी.

मी दाबलं नाही.

सरांनी मान न वळवता पुन्हा चुटकी वाजवली. मग म्हणाले, "पुढची."

"नाय," मी म्हटलं.

घरातला शब्द होता तो. इतक्या वर्षांत हॉलमध्ये मी तो कधी काढला नव्हता. माझा मलाच मोठा वाटला. साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली.

मी स्लाइडी बंद केल्या. मूळ व्हिडिओ लॅपटॉपवर होता, अख्खा, आवाजासकट. तो लावला. स्पीकर चालूच होते, सुरुवातीच्या गाण्यासाठी जोडलेले. आईचा आवाज त्या लग्नाच्या हॉलमध्ये भरला.

"...पोर आडवं व्हतं. जीप वर येत नाय. मंग झोळी केली. फुडं माजा लेक, त्यानं खांद्यावं धरला. मागचा जो हाय त्यानं..."

सर झपाट्याने आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलामागची वायर हिसकली. आवाज तुटला, पडदा निळा झाला. त्यांनी माइक तोंडाशी धरला. "क्षमस्व. तांत्रिक अडचण आहे."

मी उठले. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय स्टेजपुढे गेले. म्हटलं, "तांत्रिक अडचण नाही. वाक्य अर्धं राहिलंय. मागचा जो होता त्याने..." आणि सांगता येईना. त्या वर्गात झालं होतं तसंच. हातांशिवाय ती वाट सांगता येत नव्हती. सगळे बघत होते. मी हात उचलले. ते नीट उठेनात, कोपरात गंज चढल्यासारखे. मी दोन्ही मुठी खांद्यापाशी नेल्या.

कुणी तरी पुन्हा हसलं. यावेळी माझ्यावर.

"आसं नाय गं." खालून आवाज आला. आईचा. "आसं धरशील तर पोर खाली यील."

पदर सुटला होता. ती खुर्चीवरून उतरली, माझ्यापाशी आली आणि माझा डावा हात धरून खाली ओढला, कमरेच्या खाली. मूठ वळवून दिली. "हां. मागच्यानं आसा. हात लांब सोडायचा. आता पाय टाक." मी पाय टाकला. पुढचं तिने सांगितलं. तिच्याच तोंडाने, माझ्या हातांना धरून. पाय कुठे सरकला ते, वहिनी कशी ओरडली ते. "डांबर लागलं तवा पोर गार झाली व्हती," आई म्हणाली. "बाळ पोटातच." आणि साहेबांकडे वळून, "पाय त्याचा सरकला, सायेब. पर वाट त्याची न्हवती."

हसणं थांबलं. लोकांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. काही माणसं खाली बघत होती, काही मोबाइलमध्ये. आणि सर हुशार माणूस. ते टाळ्या वाजवत पुढे आले.

"जोरदार टाळ्या या मायलेकींसाठी," ते माइकवर म्हणाले. "किती प्रभावी देहबोली. आपला प्रकल्प नेमका याच क्षमतेवर काम करणार आहे."

टाळ्या पडल्या. आमचं ओरडणंही त्यांनी स्लाइडमध्ये बसवलं. त्या टाळ्यांचा आवाज मला त्या हसण्याहून जास्त लागला.

मी साहेबांना विचारलं, "रस्त्याचं काय?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "तो आजचा विषय नाही. छान झालं. पुढचं घ्या."

आईला साडी-नारळ देऊ केला. तिने नारळ हातात घेतला, बघितला आणि स्टेजवर ठेवून दिला. रागाने नाही. कुणाच्या घरची वस्तू चुकून आपल्याकडे आली तर परत ठेवावी तशी. साडीला हात लावला नाही.

मी त्याच दिवशी नोकरी सोडली. सर म्हणाले, "भावनेच्या भरात करिअर घालवते आहेस." नीताताई दारापर्यंत आली, रडली, परत आत गेली. ती क्लिप सरांकडे अजून आहे. अजून कुठे कुठे दाखवत असतील. आवाज बंदच असेल.

परतताना कशेळ्याहून जीपमध्ये आई खिडकीशी बसली होती. बाहेर डोंगर बघत होती. मग म्हणाली, "त्यान्ला हसू कशाचं आलं गं? मी काय वंगाळ सांगितलं व्हतं?"

मी म्हटलं, "आवाज काढून घेतला होता तुझा."

डांबर संपलं, आम्ही उतरलो, चढ लागला. त्या उभ्या जागी ती थांबली. मागे वळून म्हणाली, "परत सांगीन मी. पर माज्या तोंडानं. पडद्यावं नाय. आन तू मागचा हात धरायचास."

आता तेच करतो आम्ही. ग्रामसभेत जातो, तालुक्याला जातो, साहेब गाडीतून उतरतात त्या प्रत्येक जागी जातो. आई पुढे, मी मागे. काका पण येतो आता. त्याने पहिल्यांदा सगळ्यांपुढे सांगितलं तेव्हा शेवटपर्यंत हात खाली घेतले नाहीत. मी कागद नेत नाही. लॅपटॉप विकून टाकला. घर आता माझ्या शिवणकामावर आणि भावाच्या मजुरीवर चालतं, ओढाताण होते. होऊ दे.

गेल्या ग्रामसभेत आईने सांगायला सुरुवात केली तेव्हा टेबलामागून एक जण म्हणाला, "कळलं मावशी, कळलं. हात खाली घेऊन बसा आता. पुढचा विषय."

आई बसली नाही. एक हात खांद्याला, एक कमरेखाली. मी तिच्या मागे उभी, माझेही तसेच.

"पुढचा विषय नाय," मी म्हटलं. "झोळी अजून वाटेवर हाय."

त्यांनी पुढचा विषय घेतलाच. आम्ही तसेच उभे राहिलो. सभा संपली, खुर्च्या उचलल्या गेल्या, तरी उभे राहिलो. पुढच्या सभेलाही असेच उभे राहणार. वाडीपर्यंत गाडी येईल त्या दिवशी हे हात खाली येतील. त्याआधी कुणाच्या सांगण्यावरून येणार नाहीत.